गेंड्याचं इंजिन

वरच्या वाड्यांच्या चढावर गेंड्यानं मान टाकली तेव्हा डॉक्टरीणबाईला आधी राग आला, काळजी नंतर वाटली. मागच्या आरशात निळ्या धुराशिवाय काही दिसत नव्हतं. ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवला तरी गाडी पुढे सरकायचं नाव घेईना. इंजिन दोन-चार वेळा खोकलं, बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसली आणि सगळं गप्प झालं. तिनं हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, बॅग खांद्याला अडकवली आणि चालायला लागली. वर एका गोठ्यात गाय अडली होती. वासरू आडवं आलंय असा फोन आला होता. फोन करणारी बाई रडत नव्हती, म्हणजे प्रकरण खरंच हाताबाहेर चाललं होतं.

ती पोचली तोवर उशीर झाला होता. वासरू पोटातच गेलेलं. तिनं कोपरापर्यंत हात घालून ते सोडवलं, गाईला सलाईन लावलं, जे जमेल ते सगळं केलं. पण ऊन उतरायच्या आत गायही गेली. त्या बाईनं तिला हात धुवायला गरम पाणी दिलं, साबण दिला, टॉवेल दिला.

"गाडी बंद पडली वाटेत," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"हो. धूर दिसला इथून," ती बाई म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उतरताना ते एवढंसं वाक्य तिला टाचेतल्या काट्यासारखं सलत राहिलं.

गेंडा म्हणजे राखाडी रंगाची, आखूड नाकाची जुनी डिझेल गाडी, चारही चाकांना जोर असलेली. ती आधी रस्ते खात्याची होती. डॉक्टरीणबाईचे वडील त्याच खात्यात ओव्हरसियर. या डोंगरातले बरेचसे रस्ते त्यांनी उभं राहून करून घेतलेले, आणि ते करताना चालवलेली ही गाडी खात्यानं लिलावात काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली. धाकट्याला, म्हणजे तिच्या भावाला, मांडीवर बसवून त्यांनी स्टिअरिंग धरायला शिकवलं. तिला सांगायचे, "तू मागे बस आणि पाण्याचा कॅन धर, सांडेल." पुढे बाबांचा पाय मोडला आणि धाकटा वसतिगृहात होता, तेव्हा नाइलाजानं किल्ली तिच्या हातात आली. ती गुरांची डॉक्टर होऊन परत आली. नवरा शहर सोडायला तयार नव्हता आणि ती डोंगर सोडायला, त्यामुळे ते लग्न भांडणाशिवायच विझलं. तेव्हापासून गेंडा तिनंच चालवला. ती ज्या पशुसंवर्धन खात्यात होती त्यानं तिला गाडी कधी दिली नाही, आणि गेंडा असल्यामुळे तिनंही कधी मागितली नाही. गाडी नावावर मात्र बाबांच्याच होती. तो विषय कधी निघालाच नव्हता.

आता बाबांना अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. दिवसभर ते खिडकीतल्या खुर्चीत बसून असत. संध्याकाळी गेंड्याचा आवाज वळणावर आला की त्यांची मान वर होई. घरात काम करणारी बाई सांगायची, "तुम्ही यायच्या आधीच त्यांना कळतं हो." डॉक्टरीणबाईला वाटायचं, ते आपली वाट बघतात.

गेंडा ट्रॅक्टरला बांधून फोरमनच्या गॅरेजात आणला. फोरमन एकेकाळी बसच्या डेपोत फोरमन होता. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी पद चिकटलं ते चिकटलं. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून चांगला. आपण किती इंजिनं बांधली, त्यातली किती अजून पळतायत, कोणत्या मोठ्या साहेबानं आपल्याला खांद्यावर हात ठेवून काय म्हटलं, हे ऐकल्याशिवाय त्याच्या गॅरेजातून कोणाची सुटका नसे. त्यानं कसंबसं इंजिन चालू केलं, ऑइल भरायचं झाकण उघडलं. तिथून भकाभक धूर यायला लागला.

"बघा. विडी ओढतोय म्हातारा," फोरमन म्हणाला. मग त्यानं रेडिएटरचं पाणी ओंजळीत घेऊन दाखवलं. वर तेलाचा तवंग होता. "रिंग गेल्या, लायनर झिजले, हेडला तडा असणार. पाणी पितोय, ऑइल पितोय, आणि ओढायच्या नावानं बोंब."

"करायचं काय?"

"खरं सांगू? सोडून द्या. इंजिन मी बांधीन हो, त्यात काय. पण मग गिअरबॉक्स कुरकुरेल, मग बुडाचा पत्रा गळेल. वय झालंय त्याचं."

"आणि बांधलंच तर?"

फोरमननं हात पुसले आणि छाती पुढे काढली. "तर माझ्या जबाबदारीवर. वर्षाच्या आत काही झालं तर इंजिन परत उघडीन, तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही. जबान आहे फोरमनची."

घरी येऊन तिनं धाकट्याला फोन लावला. तो शहरात एका मोठ्या कंपनीत होता आणि नेहमी कुठल्यातरी मीटिंगच्या दारात उभा असल्यासारखा बोलायचा.

"ताई, भंगारात दे ना. कशाला त्या डबड्याच्या नादी लागतेस?"

"बाबांना काय सांगू?"

"सांग काहीतरी. त्यांना काय कळतंय आता."

"सगळं कळतं त्यांना."

"बरं, मग तुझं तू बघ. मला काही त्यात पाडू नकोस हं. ठेवतो."

तिनं बाबांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. फोरमन काय म्हणाला, गाय कशी गेली, सगळं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. गाडी उभी राहायची ती जागा रिकामी होती. मग त्यांनी डाव्या हातानं तिची बाही धरली.

"बांध," ते म्हणाले.

"खर्च फार आहे, बाबा. आणि जुनी झालीय."

"बांध. मोडू नको."

बाही त्यांनी सोडली नाही. बाबांनी आपल्याला असं धरून काही मागितलंय, हे तिला आठवेना. खात्यात असताना ते तिच्याशी बोलायचे ते हाताखालच्या माणसांशी बोलल्यासारखं. आजारपणात तिनं त्यांचं सगळं केलं, तेही त्यांनी कधी बरं-वाईट न म्हणता करून घेतलं. आज पहिल्यांदा तिला वाटलं, की ती रोज कुठे जाते, कशासाठी जाते, हे या माणसाला कळलंय. तिला भरून आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून ती उगाच पडदा सारखा करत उभी राहिली.

तरी ती एकदम हुरळून गेली नाही. ती एक छोटी गाडी बघायला गेली, चकचकीत, बसायला मऊ. विकणाऱ्या माणसाला शेजारी बसवून ती थेट वाड्यांच्या वाटेवरच्या ओढ्यापर्यंत गेली. पाण्यात उतरल्याबरोबर गाडीचं पोट दगडाला घासलं आणि त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, ही रस्त्यावर चालवायची गाडी आहे!"

"मग एक रस्ताही द्या हिच्याबरोबर," ती म्हणाली आणि गाडी मागे घेतली.

फोरमन म्हणत होता त्यात खोट नव्हती. पण वरच्या वाड्यांना जाऊ शकेल अशी नवी गाडी तिच्या आवाक्याबाहेर होती, आणि आवाक्यातली ओढ्यापलीकडे जाणार नव्हती. सोडून द्यायचं तर गेंड्याबरोबर वरच्या वाड्याही सोडाव्या लागणार होत्या. शिवाय बाहीवरचा तो हात होता. तिनं फोरमनला सांगितलं, "उतरवा इंजिन."

पुढचे काही आठवडे ती दुधाच्या गाडीतून, ट्रॅक्टरवरून, नाहीतर पायी फिरली. गुडघे बोलायला लागले. पण काम उरकलं की ती गॅरेजात जाऊन बसायची, आणि बघता बघता हातही लावायला लागली. फोरमन आधी नाक मुरडत होता. मग त्यानं तिला रॉकेलच्या ट्रेमध्ये सुटे भाग धुवायला दिले. व्हॉल्व्हवरची काजळी ती अशा निगुतीनं खरवडायची, की तो आल्यागेल्याला सांगायचा, "डॉक्टरीणबाई ऑपरेशन करतायत, आवाज करू नका." नवे लायनर बसले, पिस्टन बसले, क्रँक घासून आला. हेड नवं मिळेना म्हणून फोरमन कुठून कुठून शोधून एक धड जुनं घेऊन आला आणि ते कसं मिळवलं याची गोष्ट त्यानं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली. तिला त्या संध्याकाळी फार आवडल्या. घरी गेल्यावर ती बाबांना सगळं सांगायची: आज काय बसवलं, उद्या काय आवळायचंय. बाबा मान हलवत ऐकायचे. आयुष्यात त्या दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी फोरमननं खिशातून कंगवा काढून केस विंचरले. पहिल्या खटक्यालाच गेंडा बोलला. धूर नाही, खोकला नाही. आवाज भरलेला, एकसारखा. "ऐका, ऐका," फोरमन म्हणाला, जसं काही इतरांना ऐकू येतच नव्हतं. मग त्यानं तिला समोर उभं करून बजावलं.

"आता नीट लक्षात ठेवा. इंजिन अजून घट्ट आहे. अंगात मुरेपर्यंत हळू चालवायचं. लांब चढावर दामटायचं नाही, गाडीला ओझं बांधायचं नाही. थोडं चाललं की माझ्याकडे आणायची, ऑइल बदलू, हेडचे नट परत आवळू. एवढं केलंत की मग खुशाल पळवा."

तिनं तसंच केलं. उगाच लांबच्या सपाट रस्त्यानं गेली, चढावर थांबत थांबत. वळणावर आवाज आला तेव्हा बाबा खिडकीत अर्धे उठून बसले होते. वाकड्या तोंडानं ते हसत होते. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज फोनवर घेतला आणि हौसेनं धाकट्याला पाठवला. खाली लिहिलं, "बघ तुझं डबडं."

ही हौस तिला नडली. पुढच्याच रविवारी धाकटा हजर.

त्यानं गेंड्याला एक चक्कर मारली, दारं उघडली-मिटली, आत बसून वास घेतला. मग घरात येऊन बाबांच्या खुर्चीजवळ गुडघ्यावर बसला. "बाबा, काय वाजतेय हो! लहानपणी वाजायची तश्शी!"

बाबांचा चेहरा उजळला. मुलाशी बोलताना त्यांचे शब्दही जरा सुटे यायचे.

"घेऊन जा," ते म्हणाले.

"अं?"

"तुझीच. तुझ्यासाठी... बांधून घेतली."

डॉक्टरीणबाई सुपाचा वाडगा घेऊन दारात उभी होती. वाडगा तिनं टेबलावर ठेवला. "बाबा, मी रोज कामाला नेते ती."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. इतकं साधं कसं कळत नाही, एवढंच. "तुला... खातं देईल. पोराची... हौस आहे."

"ताई, मी मागितलेली नाही हं," धाकटा म्हणाला. "तुझ्यासमोर झालंय सगळं. पण बाबा एवढं म्हणतायत तर मोडायचं का त्यांचं मन? आमचा ग्रुप जातो ना सुट्टीत डोंगरात. सगळ्यांकडे अशा गाड्या आहेत. आणि तुला लागली तर सांग की. आणून देईन."

"गाय अडली की तुला फोन करू?"

"बघ. लगेच टोमणे."

खर्च कोणी केला हे तिच्या ओठावर आलं होतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे पैसे दिले असते, आणि मग तिच्याकडे रागावायलाही काही उरलं नसतं. तिनं वाडगा उचलला आणि बाबांना सूप भरवलं. ते शेवटच्या चमच्यापर्यंत प्यायले. इतके आठवडे ते मान हलवत काय ऐकत होते, ते आता तिला कळलं. आपल्या पोराच्या गाडीचं काम कुठवर आलंय, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा निघाला. गाडीत बसल्या बसल्या त्यानं कानात फोनची बोंडं घातली आणि कोणाशी तरी बोलायला लागला. "अरे आणतोय, बघच तू. शनिवारी खिंडीच्या चढावर दाखवतो." इंजिन चालू होतं, पंखा घोंघावत होता. ती गाडीच्या बंद काचेपाशी जाऊन उभी राहिली.

"इंजिन अजून घट्ट आहे," ती म्हणाली. "हळू चालव. चढावर दामटू नकोस. ऑइल बदलायचंय, हेडचे नट आवळून घ्यायचेत."

आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात ती हे बोलली. धाकट्यानं हसून हात हलवला आणि गिअर टाकला. त्याला ऐकू गेलं नव्हतं. ते तिला स्वच्छ दिसलं. काचेवर टकटक करता आली असती. गाडी फाटकातून वळेपर्यंत आडवं जाता आलं असतं. तिनं तसलं काही केलं नाही. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "पोचलो. भारी गाडी!" तिनं "हळू चालव" असं लिहिलं, थोडा वेळ त्याकडे बघितलं आणि पुसून टाकलं. मग अंगठ्याचं चित्र पाठवलं. शनिवार यायला अजून अवकाश होता. तो सबंध आठवडा ती दुधाच्या गाडीतून फिरली, आणि रोज एकदा तरी तिचा हात फोनकडे जाऊन परत आला.

रविवारी दुपारी फोन वाजला.

"जाम झालं इंजिन! काय बांधलंय त्या तुझ्या फोरमननं? ऐन चढावर! एका मित्राची गाडी मागे दोरानं ओढत होतो, वरती अख्खा ग्रुप बघतोय, आणि खाडकन बंद! लाज गेली माझी चारचौघांत."

"तापमानाचा काटा चढलेला दिसला नाही तुला?"

"दिसला. नवं इंजिन आहे म्हटलं, काय होतंय!"

"तुला सांगितलं होतं मी. हळू चालव म्हणून."

"कधी?"

"निघताना."

"शक्यच नाही," धाकटा म्हणाला. "मला काही सांगितलेलं नाहीस तू."

धाकट्यानं फोरमनच्या नावानं शंख केला, आणि त्याचे मित्र पुष्कळ होते. त्यातल्या दोघांच्या गाड्या फोरमनकडे यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. गावातही थट्टा सुरू झाली. फोरमनच्या बढाया ऐकून कंटाळलेली माणसं आता चहाच्या टपरीवर त्याला विचारायची, "काय फोरमन, इंजिन आठवड्याचं बांधता की पंधरवड्याचं?" त्यानं स्वतः ट्रक पाठवून गेंडा आणवला, इंजिन उघडलं. पिस्टन लायनरला चिकटलेले, बेअरिंग जळालेलं, क्रँक तापून निळा पडलेला.

डॉक्टरीणबाई गेली तेव्हा तो त्या ढिगासमोर स्टुलावर बसला होता. पहिल्यांदाच त्यानं तिला काही गोष्ट सांगितली नाही.

"बाई, एक विचारतो. धाकट्या साहेबांना सांगितलं होतं ना? हळू चालवा म्हणून?"

"सांगितलं होतं."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर! तेच मी म्हणतोय सगळ्यांना. बाईंना मी समोर उभं करून बजावलं होतं, बाई विसरणाऱ्यातल्या नाहीत. ऐकलं नाही त्यांनी, त्याला मी काय करू? पण जबान म्हणजे जबान. परत बांधतो. माझ्या पदरचं घालून बांधतो, आणि मग त्या टपरीसमोरून वाजवत नेतो."

त्या दिवसापासून फोरमन जो भेटेल त्याला सांगत सुटला, की बाई साक्षीला आहेत. लोक तिला वाटेत थांबवून विचारायचे आणि ती म्हणायची, "हो, सांगितलं होतं." खोटं तर नव्हतं ते. घरी मात्र बाबांनी तिला डाव्या हातानं जवळ बोलावलं.

"नाही सांगितलंस," ते म्हणाले.

"सांगितलं, बाबा."

"मी... खिडकीत होतो." ते शब्द जुळवत राहिले. "ओठ... हलवलेस. नुसते."

जन्मात पहिल्यांदा बाबांनी तिला नीट ओळखलं होतं, आणि ते हे असं.

फोरमननं दुसरी कामं बाजूला सारून गेंडा हाती घेतला. सुट्या भागांसाठी तो दोनदा शहरात जाऊन आला. त्याच्या गॅरेजात आता दुसरी गाडी नसायची. तो उमेदीनं बोलायचा, पण कंगवा काही बाहेर निघायचा नाही. डॉक्टरीणबाई चार दिवस वाट वाकडी करून गेली, गॅरेजावरून जायला नको म्हणून. पाचव्या दिवशी तिला ते सहन होईना. ती आत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "फोरमन, बांधू नका."

"का? आता क्रँक आला की झालं."

"जुनं आहे. तुम्हीच म्हणाला होतात, सोडून द्या. आणि गाडी पुन्हा त्याच्याकडेच जाणार."

"जाऊ दे ना. मला गाडीशी काय करायचंय? माझं नाव राहील."

"त्यानं ऐकलं नव्हतं," ती म्हणाली. "मी बोलले, पण त्याच्या कानात फोन होता. ऐकू गेलं नाही हे मला दिसत होतं. मी परत सांगितलं नाही. मुद्दाम."

फोरमन हातातला पाना फडक्यानं पुसत होता. तो स्वच्छ झाला तरी पुसत राहिला.

"नंतर फोन करता आला असता."

"हो."

"आठवडा होता मध्ये."

"हो."

"तुमचा भाऊ मूर्ख आहे, ते मला माहीत आहे," फोरमन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "त्यानं मला शिव्या दिल्या, पण त्याला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि तुम्ही इथे, ह्या इंजिनासमोर उभं राहून मला 'सांगितलं होतं' म्हणालात. मी गावभर तुमच्या नावावर बोलत फिरलो." त्यानं पाना फळीवर ठेवला. "तुमच्या घरच्या भांडणात माझं इंजिन कशाला घेतलंत, बाई?"

"मी सांगते सगळ्यांना. टपरीवर येऊन सांगते."

"काय सांगणार? की तुम्ही भावावर डूख धरलात? लोक घटकाभर हसतील आणि म्हणतील, इंजिन पक्कं असतं तर टिकलं असतं. जा तुम्ही."

ती तरीही टपरीवर गेली आणि जमलेल्या चौघा-पाचांना सांगितलं. अगदी फोरमन म्हणाला होता तसंच झालं. एक जण तर म्हणाला, "बाई, किती पाठराखण कराल फोरमनची?" तिनं धाकट्यालाही फोन करून खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. त्याला उलट बरंच वाटलं. "मी म्हणत होतो ना, तू काही सांगितलं नाहीस! बाबांना सांगितलंस का? सांग त्यांना." फोरमनची माफी मागशील का, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे ना आता, ताई. मी नवीन बुक केलीय."

फोरमननं काम थांबवलं. गेंडा शेडमधून ढकलून मागच्या मोकळ्या जागेत नेला आणि इंजिनाचे तुकडे एका पिंपात भरून शेजारी ठेवले. भंगारवाला आला तेव्हा बाबांचा अंगठा कागदावर तिनंच धरून उमटवून घेतला. मागचा ॲक्सल एका ट्रेलरवाल्यानं नेला, चाकं दुसऱ्या कोणी. फोरमन तिला रस्त्यात दिसला की मान हलवून नमस्कार करी आणि पुढे जाई. लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे, कारण तो हल्ली कोणाशीच फारसं बोलत नव्हता.

दुधाची गाडी ओढ्यापर्यंतच जायची. तिथून वर चढायला तिचे गुडघे तयार होईनात. खात्यानं वरच्या वाड्या शेजारच्या केंद्रातल्या एका तरुण डॉक्टरकडे दिल्या. त्याच्याकडे मोटारसायकल होती. जिची गाय गेली होती त्या बाईचा एकदा तिला बाजारात फोन आला. नंबर चुकून लागला होता. "त्या नव्या डॉक्टरांना लावत होते," बाई म्हणाली आणि घाईघाईनं फोन ठेवून दिला.

धाकट्याचं येणं कमी झालं. नवी गाडी घाटात आणायला नको वाटते म्हणायचा. घरात आता बाबा आणि ती. ते खुर्चीतून हलत नाहीत, खिडकीकडे तोंड करून बसतात, आणि बोलायचं तर कामवाल्या बाईमार्फत बोलतात. एक दिवसाआड ती त्यांची दाढी करते. गरम पाणी, साबणाचा फेस, गालावरची सैल कातडी बोटानं ताणून हळूहळू वस्तरा. पूर्वी ते त्या वेळी तिच्याकडे बघत राहायचे. आता तिनं ब्रश हातात घेतला की ते डोळे मिटून घेतात, आणि तिनं टॉवेल बाजूला ठेवून खोलीबाहेर जाईपर्यंत उघडत नाहीत.